पिठातला अकरावा गडी

बापू, ये, असा जवळ बस. उंबऱ्यात उभं राहून बोलायची तुझी खोड काही जायची नाही. एक पाय आत, एक पाय बाहेर, गळ्यात शिट्टी, आणि वर "आक्का, घाई हाय" म्हणायचं. कसली घाई होती रे तुला? वाढलेल्या ताटावरून उठलास, सकाळी न सांगता मैदानावर गेलास, तो गेलासच. थोरल्या बहिणीच्या आधी जायचं असतं का? माणदेशातल्या आपल्या गावात पाण्याच्या रांगेत माझ्या मागं परकर धरून उभा राहायचास. सगळा जन्म मागं राहिलास आणि इथंच तेवढा पुढं घुसलास.

रागावते म्हणून तोंड फिरवू नको. सोळा दिवस झाले, मला हक्कानं रागवायला कुणी मिळालेलं नाही. येणारी माणसं सगळी गोड बोलतात आणि तुझ्याबद्दल मलाच सांगतात. मास्तर शिस्तीचे होते, फौजेतून गुडघा मोडून आले तरी बसून राहिले नाहीत, सांगलीत एवढी कॉलेजं पण मुलांना फुटबॉल लावला तो त्यांनीच. मी मान हलवते. हे मला ठाऊक नाही होय? मला जे विचारायचंय ते त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. ते तुला एकट्यालाच ठाऊक.

शेवटच्या सकाळी तू माझ्या परातीत लसणीच्या किती पाकळ्या मांडल्या होत्यास? दहा का अकरा?

विश्रामबागेतल्या ह्या खानावळीत वीस-बावीस पोरं जेवतात. त्यांच्या भाकरीचं पीठ चाळून मी परातीत काढलं, की संध्याकाळी मैदानावरून येऊन तू ती परात ओढायचासच. पीठ तळहातानं सारखं करायचं, बोटानं मधली रेघ, मधलं गोल कडं, दोन्ही टोकांना दोन चौकटी. आपली पोरं म्हणजे सोललेली लसूण. समोरची पोरं म्हणजे शेंगदाणे. "कोल्हापूरवाले शेंगदाण्यासारखे असतात आक्का, धरायला गेलं की घरंगळतात," असं म्हणायचास. मग ह्यानं इकडनं चेंडू दिला, तो तिकडनं सुटला, असं तासभर चालायचं. मी म्हणायची, "बापू, पोरांच्या पोटात एक दिस गोल जायचा." तू हसायचा नाहीस. खेळ मांडलास की तुला हसायचं सुचायचं नाही.

मला फुटबॉल कळतो तो पिठातला. तू असताना खऱ्या मैदानावर मी एकदाच आले, आणि सगळे कुणीकडं पळतायत तेच मला उमगेना. परातीत मात्र बघता बघता मी तुझ्या चुका काढायला लागले. डावीकडं गडी कमी पडतोय म्हणून मी एक पाकळी सरकवली, आणि तू बराच वेळ बघत राहून म्हणालास, "आक्का, तू फौजेत पायजे हुतीस." बापू, नवरा गेल्यावर खानावळ काढली तेव्हा लोकांनी मला धीराची म्हटलं, कष्टाची म्हटलं. डोकं आहे असं म्हणणारा तू एकटाच. अक्षरसुद्धा तुझ्यामुळं आलं. सरहद्दीवरून तुझी पत्रं यायची आणि ती वाचायला गावातल्या गुरुजींच्या दारात उभं राहायची लाज वाटायची, म्हणून एकेक अक्षर गिरवत बसले. आज ती अक्षरं तुलाच परत धाडतेय.

खेळ झाला की पाकळ्या तू वेचून वाटीत टाकायचास, पीठ सारखं करायचास, परात माझ्यापुढं सरकवायचास. कधी चुकला नाहीस. फौजी माणूस, तळ उठवला की मागं खूण ठेवायचा नाही. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

औंदाच्या संघाचं तू मला उन्हाळ्यातच सांगितलं होतंस. "औंदा काय खरं न्हाई आक्का." गेल्या सालच्या पोरांतली पाच गेली. दोघं फौजेत, एक साखर कारखान्यात चिकटला, दोघांच्या परीक्षा संपल्या. कप्तान म्हणून उरला कुंडलचा जयसिंग. पोरगं गुणाचं, पण त्याचा एक पाय मैदानात आणि एक बापाच्या उसात. नवी आलेली निम्मी पोरं अनवाणी खेळणारी, बूट घातले की बदकासारखी चालायची. चेंडू चांभाराकडं शिवून शिवून असा झाला होता की लाथ मारली की वांग्यासारखा लटपटत जायचा. हे सगळं तू परातीत मांडून दाखवलंस, आणि गोलाची चौकट मोकळी सोडलीस.

वर प्राचार्यांनी निक्षून सांगितलेलं. महिनाअखेर अकरा नावं आली तर संघ उतरवू, नाहीतर मैदान हुतुतू-खोखोला देऊ. तुझी नावं होती दहा. तू दारोदार हिंडलास, तालमीत जाऊन पैलवान पोरांना विचारलंस. एक म्हणाला म्हणे, "मास्तर, चेंडूमागं धावायला आमी काय कुत्री हाय का?" हे तू मला सांगितलंस तेव्हा मी हसले. तू नाही हसलास.

अकरावा होता की रे. माझ्याच पंगतीला दोन्ही वेळा जेवत होता. पण शिदूचं नाव तुझ्यापुढं काढायची सोय नव्हती.

शिदू आपल्याच माणातला, मेंढरामागं वाढलेला. पुरा बाविशीचा गडी, हात असे की भाकरी धरली की दिसत नाही. गेल्या सालच्या शेवटच्या सामन्याला आपल्या गोलकीपरचं मनगट मोडलं म्हणून तू त्याला साताऱ्याला नेलंस. त्यानं आयुष्यात खेळलेला खेळ एकच, हुतुतू. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली, चेंडू उडी मारून शिदूनं छातीशी धरला. आणि समोरच्या पोरानं धावता धावता त्याच्या पाठीवर थाप मारली. शिदूनं चेंडू खाली ठेवला, हात वर केला आणि रेघेबाहेर जाऊन उभा राहिला. बाद झालो म्हणून. त्या पोरानं मोकळ्या गोलात चेंडू हळूच ढकलला. जयसिंग सांगत होता, सगळा सातारा हसला.

येताना एसटी कराडला थांबली. कराडच्या स्टँडवर शिदू तुझ्यासाठी चहा घेऊन आला. तू कप घेतला नाहीस. म्हणालास, "आजपास्नं तू बाद. माझ्या मैदानात पाय टाकायचा न्हाई." फौजेत असं म्हणत असतील, तिथं दुसऱ्या दिवशी माणूस विसरतो. ह्या पोरानं ते खरं धरलं. वर्षभर तो मैदानाला वळसा घालून वर्गात जायचा.

त्या संध्याकाळी माझ्याच्यानं राहवलं नाही. तू जेवायला बसलास, परात शेजारीच होती. मी एक पाकळी घेतली आणि गोलात ठेवली.

"ही कोण?" तू विचारलंस.

"कोण ते तुला ठावं हाय."

"त्याचं नाव काढू नगंस."

"हात बघितलंस का त्याचं? मेंढरू एका हातानं उचलतंय."

"हात हायत गं. डोस्कं कुठाय? हातातला चेंडू खाली ठिवून हात वर करतोय. सगळी हसली आक्का, सगळी."

"हात लागला म्हणून केला. आपल्यात हात लागला की गडी आपणहून भाईर जातो. पंच बघंस्तवर थांबत न्हाई. तूबी तसाच खेळलाईस की."

"म्हणूनच सांगतोय. गोलात खरं बोलणारा लागत न्हाई. चेंडू धरणारा लागतो."

आणि तू ती पाकळी उचललीस आणि खलबत्त्यात टाकलीस. नुसती बाजूला ठेवली असतीस तर मी गप्प बसले असते. खलबत्त्यात टाकलीस, चटणीला.

मग मी बोलले ते बोलले. "तुला माणसं कळत न्हाईत बापू. लसूणच कळती, तीबी सोललेली. एकदा चुकलेलं माणूस तुला परत नगंच असतं. म्हणून तुझ्या घरात कोण टिकलं न्हाई."

तुझी बायको माहेरी गेली ती परत आली नाही, ह्याला किती वर्षं झाली. इतक्या वर्षांत ते नाव मी ह्या घरात कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी नाव नाही काढलं, पण तुला कळलं. तू भाकरीचा हातातला तुकडा ताटात ठेवलास. अगदी हळू. म्हणालास, "ताट झाकून ठेव." आणि मागच्या खोलीत गेलास. मी झाकून ठेवलं. सकाळी तसंच होतं.

सकाळी मी उठून चुलीपाशी आले तेव्हा तुझ्या चहाचा कप धुऊन पालथा घातलेला होता आणि तू गेलेला होतास. परात चुलीशेजारी होती. तिच्यात मैदान मांडलेलं होतं. रेघा ताज्या होत्या, पाकळ्या जागच्या जागी. मला ते दिसलं, बापू. दिसलं, पण मी बघितलं नाही. मनात एवढंच आलं की रात्रीचा राग घेऊन पसारा माझ्यासाठी टाकून गेला. मी हाताच्या एका फटकाऱ्यानं सगळं पीठ ओढून ढीग केला, हाताला लागल्या त्या पाकळ्या वाटीत फेकल्या, आधणाचं पाणी ओतलं आणि मळायला बसले.

तू कधी मैदान मांडून ठेवून गेला नव्हतास. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. त्या दिवशी ठेवून गेलास म्हणजे मला दाखवायला ठेवलं होतंस. काहीतरी सांगायचं होतं तुला, तोंडानं जमत नव्हतं म्हणून पिठात सांगून गेलास. आणि मी त्याच्या भाकरी थापल्या.

पंधरा-सोळा झाल्या असतील, तेवढ्यात जयसिंग दारात आला. अंगभर पांढरी फक्की. मैदानाच्या रेघा मारायच्या म्हणून तू त्याला पहाटेच बोलावलं होतंस. एक लांब रेघ तुम्ही पुरी केलीत, दुसरी गोलाकडं वळवलीत, आणि तू फक्कीचं घमेलं खाली ठेवून तिथंच बसलास. जयसिंगला वाटलं गुडघा दुखतोय. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

तुला इथं आणलं, इथनंच नेलं. जिथं तुला ठेवलं होतं तिथं बायकांनी रीतीप्रमाणं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर बांबूची पाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी पाटी उचलून सगळ्या वाकल्या. गेलेला जीव कशाच्या जन्माला गेला त्याची खूण पिठात उमटते म्हणतात. शेजारची म्हणाली, पाखराचं पाऊल. दुसरी म्हणाली, छे, गाईचं खूर, हे बघा. त्यांची हळू आवाजात हुज्जत लागली. मला विचारलं, "आक्का, तुमाला काय दिसतंय?" मला काय दिसणार. पीठ बघितलं की मला मैदानच दिसतं. आणि ते कोरं होतं. एक रेघ नव्हती त्यात. आदल्या दिवशी तू एवढं लिहून ठेवलंस ते मी पुसलं, मग आता परत कशाला लिहिशील.

तिसऱ्या दिवशी भाकरीची दुरडी नजरेला पडली. सुतकाच्या घरात चूल नव्हती, शेजारचं अन्न येत होतं, ती दुरडी फडक्याखाली तशीच राहिली होती. भाकरी वाळून खापरासारख्या झालेल्या. आधी वाटीतल्या पाकळ्या मोजल्या. दहा. पण त्या सकाळी मी ज्या घाईत पीठ ओढलं होतं त्यात एखादी पाकळी सहज पिठात गेली असंल. म्हणून मी खाली बसले आणि एकेक भाकरी मोडायला लागले. मोडायची, चुरायची, बोटानं चाळायची. शेजारणीला वाटलं कावळ्यांना घालायला चुरतेय. म्हणाली, "आक्का, मी करते, तुमी पडा जरा." मी तिला हात लावू दिला नाही. थापताना पाकळी हाताला लागायला हवी होती, हे मला कळत होतं. पण त्या सकाळी माझ्या हातातच राग होता, त्याला काय लागणार.

चौदा भाकरी चुरल्या. पाकळी नाही. दोन भाकरी कमी होत्या. त्या शिदूनं खाल्ल्या होत्या. फी माफीचा अर्ज द्यायला लौकर जायचं म्हणून तो त्या सकाळी सगळ्यांच्या आधी जेवून गेला होता.

मी त्याला बोलावलं. तुझ्यामाझ्यात झालेलं भांडण सांगितलं, परातीचं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, "शिदू, नीट आठव. त्या दिवशीच्या भाकरीत दाताखाली लसूण आली का?"

 त्याला सगळं कळलं होतं. त्यानं "व्हय" म्हटलं असतं तर अकरावी पाकळी सापडली असती. मास्तरांनी त्याला परत घेतला होता असं झालं असतं. संघाचे अकरा भरले असते. आणि मी शेवटचं जे तोडून बोलले ते तुझ्यापर्यंत पोचलं, तू मनावर घेतलंस, आणि तरीही माझ्यावर डूख न धरता गेलास, एवढं मला मिळालं असतं. एका शब्दाचं काम. विचारायला दुसरं कुणी नव्हतं, खोटं पकडायला कुणी नव्हतं.

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "नव्हती."

बापू, त्यानं पुन्हा हातातला चेंडू खाली ठेवला आणि हात वर केला.

मी त्याच्यावर चिडले. खरंच चिडले. तुझ्यासारखी. कराडच्या स्टँडवर तुझं काय झालं असंल ते मला त्या वेळी कळलं. असला माणूस गोलात उभा केला तर संघाचं काही खरं नाही, हे तुझं म्हणणं बरोबर असंल. भांडणात तू जिंकलास असं समज. पण बापू, जगात अशी एक-दोन माणसं तरी असावीत, हे माझं म्हणणं तू मोडून दाखवलं नाहीस. ते भांडण अर्धंच राहिलं.

मी त्याला म्हटलं, "आरं, हुतुतूत मेलेला गडी परत जिवंत हुतोच की."

तो म्हणाला, "समोरचा गडी पडला तर हुतो आक्का. आपलाच गेल्यावर कोण जिवंत हुत न्हाई."

 ह्याला तुला उत्तर सुचलं असतं का?

प्राचार्य भेटायला येऊन गेले. भला माणूस, डोळे पुसले. जाता जाता जयसिंगला हळूच म्हणाले की ह्या साली राहू द्या, मास्तरच नाहीत तर आता कुणासाठी. जयसिंगनं ऐकून घेतलं. परवा मात्र नावांचा कागद घेऊन इथं आला. चुलीपुढं बसला, तुझ्या जागेवर. दहा नावं तुझ्या अक्षरात, अकरावी ओळ मोकळी.

"काय करू आक्का?"

"शिदूचं नाव लिही."

"मास्तर नगं म्हणालं हुतं."

"मास्तरांची थोरली भन सांगतीया."

त्याचा हात होईना. मग मीच पेन घेतलं. तुझी पत्रं वाचायला शिकलेली अक्षरं, कधी कुठल्या कागदावर उमटवायची वेळ आली नव्हती. तुझ्या दहा नावांखाली अकरावं नाव माझ्या हातचं आहे, वाकडं. कागद गेला. तुझा शब्द मोडला मी. तू असतास तर मोडला नसता, भांडले असते नुसती.

एवढं करून झालं काय, तेही ऐक. पोरं सकाळी मैदानावर जमतात. दहाच असतात. शिदू येतो, लौकर येतो, पण आत येत नाही. तू आखलेली ती रेघ अजून आहे, पोरं तिच्यावर पाय देत नाहीत. ती जिथं अर्धी तुटलीय, तिथपर्यंत शिदू येतो आणि अलीकडं उभा राहतो. एक पाऊल टाकलं की गोल. जयसिंगनं हाताला धरून ओढला, पोरांनी शिव्या घातल्या, मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याचं एकच. "बाद मास्तरांनी केलंय. त्यांनीच बोलवाय पायजे."

संघ कागदावर अकराचा आहे आणि मैदानात दहाचा. पहिला सामना कोल्हापूरशीच आहे म्हणतात, साताऱ्यालाच. तू म्हणाला होतास तेच खरं, औंदा काही खरं नाही. हरतील. मोकळ्या गोलानं उतरले तर हसंच व्हायचं. शिदू उभा राहिला तरी हरतीलच बहुतेक, पण मग माणसानं हरल्यासारखं हरतील.

संध्याकाळी मी अजून परातीत पीठ काढते. सारखं करते. रेघ मारायला बोट जातं आणि थांबतं. काल मात्र दहा पाकळ्या मांडल्या, अकरावी हातात घेऊन बसले. मी ठेवली तर ती माझी होणार. ती तू ठेवायला पाहिजे.

तेव्हा माझं ऐक, आणि एकदा येऊन जा. पाखराच्या पायानं ये, नाहीतर गाईच्या खुरानं, बायकांचं जे खरं असेल त्यानं ये. आधी इकडं यायचं नाही. आधी मैदानावर जा, सकाळच्याला. तिथं तो रेघेपाशी उभा असंल. मिठी नको, शाबासकी नको, तुला ती जमायची पण नाही. रोज हजेरीला पोरांना म्हणायचास तेवढं म्हण. "आलास का रं?" बास. त्याला पुरंल ते.

मग सरळ घरी ये. मी बोललेलं पोटात ठेवून उंबऱ्यात उभा राहू नको, दोन्ही पाय आत घे. महिना संपायच्या आत ये, बापू. ताट झाकून ठेवलंय.